हाताला दिलेला शब्द : कंट्रोल-झेड, बाध आणि प्रोग्रामरचा अधिकार

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी विचारलं, "सर, तत्त्वज्ञान सोडून आता कंट्रोल-झेडवर बोलणार का?" सोडून नाही, तत्त्वज्ञान बरोबर घेऊनच बोलणार आहे. संगणकावर आधीपासून ठरलेल्या काही आज्ञा असतात. कॉपी, कट, पेस्ट, अनडू, सेव्ह या त्यांतल्या सगळ्यांना माहीत असलेल्या. प्रोग्राम लिहिणाऱ्याला त्यांचं ठरलेलं काम बाजूला सारून आपलं काम तिथे बसवता येतं. प्रोग्रामर लोक याला ओव्हरराइड करणं म्हणतात. हे कसं करायचं ते शिकवणारे पुष्कळ आहेत. कधी करावं आणि कधी करू नये, याबद्दल मात्र फारसं कोणी बोलत नाही. मी आज त्याबद्दल बोलणार आहे.

सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करतो.

निवृत्तीनंतर मी थोडं प्रोग्रामिंग शिकलो. वाचताना केलेल्या टिपणांची कागदी कार्डं खोक्यांत भरून ठेवलेली होती, ती संगणकावर आणायची होती. त्यासाठी विंडोजवर चालणारा एक लहानसा प्रोग्राम लिहिला. माझ्या एक जुन्या विद्यार्थिनी, आता स्वतःही निवृत्त शिक्षिका, आठवड्यातून दोन दिवस येऊन कार्डं टाइप करून द्यायच्या. एका संध्याकाळी त्यांनी एक लांबलचक कार्ड टाइप केलं. तास-दीड तासाचं काम होतं. शेवटच्या ओळीत एक शब्द चुकला, म्हणून त्यांनी कंट्रोल-झेड दाबलं. तो शब्द जायच्या ऐवजी सगळा मजकूरच गेला. कार्ड उघडलं तेव्हा जसं कोरं होतं तसं पुन्हा समोर आलं.

मी ते का केलं होतं, ते सांगतो. दोन कार्डं एकत्र केली, एक कार्ड या खोक्यातून त्या खोक्यात हलवलं, तर ते मागे घेता यावं म्हणून मी कंट्रोल-झेडचा अर्थ बदलून ठेवला होता. "अनडू" म्हणजे कार्ड मागच्या स्थितीला नेणं. टाइप करत असलेल्या कार्डाची "मागची स्थिती" म्हणजे कोरं कार्ड. प्रोग्रामने माझं म्हणणं तंतोतंत ऐकलं होतं. पुन्हा पुढे आणायची, म्हणजे रीडूची, सोय मी लिहिलेलीच नव्हती.

मजकूर गेला त्याचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त लागलं ते त्यांचं बोलणं. त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून काहीतरी भलतं दाबलं गेलं असेल, सर. माफ करा." चूक माझी होती आणि माफी त्या मागत होत्या. आजच्या व्याख्यानात मला जे काही म्हणायचं आहे ते या एका वाक्यातून निघालेलं आहे.

आज्ञा आणि कळ

आधी एक भेद स्पष्ट करून घेऊ. कळ वेगळी, आज्ञा वेगळी आणि काम वेगळं.

कंट्रोल आणि व्ही ही कळांची जोडी आहे. पेस्ट ही आज्ञा आहे. पेस्ट ही आज्ञा तुम्ही कंट्रोल-व्ही दाबून देता, राइट क्लिक करून मेनूतून देता, वरच्या मेनूतून देता, आणि जुनी माणसं शिफ्ट-इन्सर्ट दाबूनही देतात. वाटा चार आहेत, आज्ञा एकच आहे. आणि त्या आज्ञेने प्रत्यक्षात काय घडतं, ते तुम्ही कुठे आहात त्यावर अवलंबून आहे. मजकुरात असाल तर अक्षरं उतरतात, फोल्डरमध्ये असाल तर फाइलची प्रत होते, चित्राच्या प्रोग्राममध्ये असाल तर चित्र येतं.

ही कल्पना आपोआप आलेली नाही. १९७०च्या दशकाच्या मध्यावर झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो इथल्या संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा मजकूर-संपादक तयार केला. कट आणि पेस्टची आज आपल्याला माहीत असलेली पद्धत तिथे आकाराला आली. त्याआधीच्या अनेक संपादकांत "मोड" असायचे. एका मोडमध्ये एखादी कळ दाबली की अक्षर उमटायचं, दुसऱ्या मोडमध्ये तीच कळ आज्ञा ठरायची. टेस्लर यांचा या मोडना आयुष्यभर विरोध होता. इतका, की त्यांच्या मोटारीच्या नंबरप्लेटवर "नो मोड्स" अशा अर्थाची अक्षरं होती. एकच हालचाल केली आणि आज एक घडलं, उद्या दुसरं, असं माणसाच्या बाबतीत होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता.

पुढे १९८१ साली झेरॉक्सने स्टार नावाचा संगणक बाजारात आणला. त्याच्या कीबोर्डवर मूव्ह, कॉपी, डिलीट, अनडू अशा सर्वसाधारण आज्ञांच्या वेगळ्या कळाच होत्या. मजकूर असो, आकृती असो की फाइल असो, कॉपीची कळ एकच. १९८३च्या ॲपलच्या लिसामध्ये झेड, एक्स, सी, व्ही ही शेजारशेजारची चार अक्षरं अनडू, कट, कॉपी आणि पेस्ट यांना मिळाली. नंतर विंडोजनेही ती उचलली. आज जगात कुठेही संगणकावर बसलेल्या माणसाचा डावा हात या चार अक्षरांवर न बघता जातो.

आता विचार करा. ही सवय कोणी एका प्रोग्रामने लावलेली नाही. हजारो प्रोग्रामांनी चाळीस वर्षं एकच वागणूक ठेवली, म्हणून ती लागली. ती सामाईक मालमत्ता आहे, गावच्या पाणवठ्यासारखी. मी माझ्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-झेड वापरतो तेव्हा ती सवय मला फुकट मिळते. ती लावायला मी काहीच केलेलं नसतं. म्हणूनच "प्रोग्राम माझा आहे, मी त्यात काहीही करीन" हे म्हणणं मला पटत नाही. प्रोग्राम तुमचा असेल, पण वापरणाऱ्याचा हात तुमचा नाही.

यंत्र आतून कसं चालतं

थोडं आत शिरू. मी ज्या चौकटीत काम केलं ती मायक्रोसॉफ्टची, विंडोज प्रेझेंटेशन फाउंडेशन नावाची. २००६ साली डॉटनेट ३.० बरोबर ती आली. तिला डब्ल्यूपीएफ म्हणतात.

डब्ल्यूपीएफने कळ आणि आज्ञा यांतला भेद फार चांगला पाळला आहे. तिथे कॉपी, पेस्ट, अनडू, प्रिंट अशा आज्ञांचा एक तयार संग्रहच आहे. गंमत अशी की या आज्ञांच्या पोटात काम काहीच नाही. पेस्ट ही आज्ञा म्हणजे नुसतं नाव आणि त्याच्याशी जोडलेल्या कळा. काम कोण करणार? ज्याने "ही आज्ञा आली तर मी उत्तर देईन" असं नोंदवून ठेवलं आहे, तो. या नोंदीला कमांड-बाइंडिंग म्हणतात. त्यात दोन प्रश्नांची उत्तरं असतात. आज्ञा पाळता येईल का, आणि पाळायची तर काय करायचं. पहिल्याचं उत्तर "नाही" आलं, तर मेनूतली ती ओळ आपोआप करडी होते.

आज्ञा दिली की ती प्रवासाला निघते. आधी खिडकीपासून, म्हणजे विंडोपासून, खाली उतरत तुमचा कर्सर ज्या चौकोनात आहे तिथपर्यंत. ही पूर्वसूचना. मग तिथून परत वर, चौकोनाकडून खिडकीकडे. वाटेत कोणी "मी सांभाळलं" असं म्हटलं की प्रवास संपला.

टाइप करायचा चौकोन, म्हणजे टेक्स्टबॉक्स, याची कॉपी-पेस्ट-अनडूची नोंद त्याच्या जातीतच केलेली असते. टेक्स्टबॉक्स म्हणून जो कोणी जन्माला येईल त्याला ती मिळते. मी सुरुवातीला माझी अनडूची नोंद खिडकीवर केली. ती चालेना. कारण टेक्स्टबॉक्समध्ये मागे घेण्यासारखं टायपिंग असेल, तर तो स्वतःच उत्तर देऊन मोकळा होतो. आज्ञा खिडकीपर्यंत पोचतच नाही. मला वाटलं, यंत्र माझं ऐकत नाही. खरं म्हणजे यंत्र मला शहाणपण शिकवत होतं. कर्सर अक्षरांत आहे, तेव्हा माणसाला अक्षरंच मागे घ्यायची असणार, असं ते म्हणत होतं. मी ते ऐकलं नाही. मी माझी नोंद थेट त्या टेक्स्टबॉक्सवर केली. एकाच जागी जातीची नोंद आणि व्यक्तीची नोंद अशा दोन्ही असल्या, तर व्यक्तीची आधी विचारात घेतली जाते. माझी चालली. जातीने दिलेली, वर्षानुवर्षं पारखलेली वागणूक गप्प बसली. सगळं मिळून पाच-सहा ओळींचं काम होतं. आणि त्याचं फळ त्या संध्याकाळी आम्हाला मिळालं.

अशी सोय फक्त इथेच आहे असं नाही. क्यूटी नावाच्या चौकटीत तर एका घटनेचं नावच शॉर्टकट-ओव्हरराइड आहे. एखादी कळ खिडकीचा शॉर्टकट म्हणून वापरली जाण्याआधी, कर्सर जिथे आहे त्याला विचारलं जातं की ही तुला हवी आहे का. मॅकवरही आज्ञा आधी जिथे लक्ष केंद्रित आहे त्याच्याकडे जाते, मग पायरी-पायरीने वर. तिन्ही ठिकाणी अग्रक्रम एकच दिसतो. माणूस जिथे काम करतो आहे, त्या जागेचा अर्थ आधी.

मीमांसकांचा बाध

आता माझ्या विषयाकडे येतो. आधीच सांगतो, "आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता" असलं काही मी म्हणणार नाही. ठाऊक नव्हता. पण सर्वसाधारण आज्ञा आणि विशेष परिस्थिती यांचा झगडा त्यांना चांगला ठाऊक होता. जैमिनीच्या मीमांसासूत्रांचा दहावा अध्याय सगळा याच प्रश्नावर आहे. त्या विषयाचं नाव बाध.

मीमांसेत काही यज्ञ मूळ नमुन्याचे मानतात. त्यांना प्रकृती म्हणतात. त्यांच्यावरून बेतलेले ते विकृती. विकृतीत सगळे तपशील पुन्हा सांगत नाहीत. प्रकृतीतले तपशील वारशाने येतात. या वारशाला अतिदेश म्हणतात. प्रोग्रामिंग करणारे आता हसत असतील, कारण जात, पोटजात आणि वारसा हीच त्यांची रोजची भाषा आहे. प्रश्न असा की वारशाने आलेली आज्ञा विकृतीत कधी बाजूला सारायची?

मीमांसक म्हणतात, उगाच सारायची नाही. कारण लागतं. आणि कारणं तीन.

पहिलं, अर्थलोप. म्हणजे त्या कृतीचं प्रयोजनच उरलेलं नाही. यासाठीचं उदाहरण प्रसिद्ध आहे. मूळ यागात भात कांडायचा असतो, कारण तूस काढायचं असतं. एका विकृतीत धान्याऐवजी कृष्णल, म्हणजे गुंजेएवढे सोन्याचे तुकडे शिजवायला सांगितले आहेत. सोन्याला तूस कुठे? म्हणून तिथे कांडणं गळून पडतं.

दुसरं, प्रत्याम्नान. म्हणजे मूळच्या जागी दुसरं काही स्पष्ट सांगितलं आहे. मूळ यागात कुश वापरायचे, इथे शर नावाचं गवत वापरा असं सांगितलं. गवत बदललं, पण अंथरणं आहे तसंच आहे. प्रयोजन तेच राहतं, साधन बदलतं.

तिसरं, प्रतिषेध. इथे हे करू नका, असा थेट निषेध.

आता ही फूटपट्टी घेऊन आपले प्रोग्राम तपासू.

चांगले बाध

अर्थलोपाचं उदाहरण सोपं आहे. फक्त वाचायचा दस्तऐवज उघडला आहे, तिथे कट करडं होतं. कापून काढायचा अधिकारच नाही, तर कट कशाला? कॉपी मात्र चालू राहते, कारण वाचणाऱ्याला उतरवून घ्यायचं असतं. कांडणं गळलं म्हणून शिजवणं गळत नाही.

प्रत्याम्नानाचं एक सुरेख उदाहरण तुमच्या रोजच्या वापरात आहे. मजकुरात कट केलं की अक्षरं तत्काळ नाहीशी होतात. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये एखादी फाइल कट करून बघा. ती जात नाही. तिचं चिन्ह फक्त फिकट होतं. दुसरीकडे पेस्ट करेपर्यंत ती जागच्या जागी राहते, आणि पेस्ट केलंच नाही तर काहीच बिघडत नाही. म्हणजे कटचं ठरलेलं काम इथे बदललेलं आहे. पण माणसाला हवं काय होतं? इथून उचलून तिथे ठेवायचं होतं. ते तसंच साधतं. उलट फाइल मधल्या मधे हरवण्याचा धोका टळतो. ज्याने हा बदल ठरवला त्याने हाताला दिलेला शब्द मोडला नाही.

तिसरं उदाहरण जरा वादाचं आहे. युनिक्सच्या टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू असलेलं काम थांबवा. हा अर्थ कॉपीपेक्षा जुना आहे. म्हणून तिथल्या बहुतेक टर्मिनल-खिडक्या कॉपीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी वापरतात. विंडोज १०च्या कन्सोलने वेगळी वाट काढली. मजकूर निवडलेला असेल तर कंट्रोल-सी म्हणजे कॉपी, नसेल तर थांबवा. हा उपाय मला चतुर वाटतो, पण निर्दोष वाटत नाही. मजकूर निवडलेला राहिला आहे हे विसरून घाईने एखादं काम थांबवायला गेलात, तर पहिल्या दाबण्याने नुसती कॉपी होते. एक कळ, दोन अर्थ, आणि कोणता अर्थ ते निवडीच्या रंगावरून ओळखायचं. टेस्लर यांना न आवडणारा मोड इथे मागच्या दाराने आत आला आहे. तरीही निवडीचा रंग डोळ्यांसमोर असतो आणि चूक झालीच तर फार बिघडत नाही, म्हणून मी याला बऱ्यापैकी गुण देईन.

वाईट प्रतिषेध

खरी तक्रार तिसऱ्या कारणाबद्दल आहे. निषेध करणं सर्वांत सोपं असतं, म्हणून सर्वांत जास्त वापरलं जातं.

तुम्ही सर्वांनी हे अनुभवलं असेल. खातेक्रमांक भरायचा आहे, तो तुमच्याकडे संदेशात आलेला आहे, तुम्ही कॉपी करता, चौकोनात येऊन कंट्रोल-व्ही दाबता, आणि काहीच होत नाही. पुन्हा दाबता. पुन्हा काही नाही. मग चष्मा पुसून लांबलचक आकडा एकेक करून टाइप करता. साठीच्या पुढच्या माणसाला, किंवा ज्याचा हात थरथरतो त्याला, हे काय वाटतं ते मला ठाऊक आहे.

हे कसं घडतं ते बघा, म्हणजे दुष्टपणा आणि आळस यांत फरक करता येईल. प्रोग्रामरला चौकोनात फक्त आकडे हवे असतात. म्हणून तो टाइप होणारं प्रत्येक अक्षर तपासतो आणि आकडा नसेल तर अडवतो. मग कोणीतरी अक्षरं पेस्ट करून दाखवतं. कारण डब्ल्यूपीएफमध्ये टाइप झालेल्या अक्षरांची ती तपासणी पेस्ट होताना लागू होतच नाही. आता दोन उपाय असतात. पेस्ट होणारा मजकूर तपासणं, किंवा पेस्टच बंद करणं. दुसरा लवकर होतो.

नवशिका प्रोग्रामर कंट्रोल-व्ही ही कळ अडवतो. मग राइट क्लिक आणि शिफ्ट-इन्सर्ट उघडेच राहतात. त्याला कोणी अनुभवी माणूस सांगतो, अरे कळ नको अडवू, आज्ञा अडव. तो पेस्टची आज्ञा अडवतो, आणि सगळ्या वाटा एकदम बंद होतात. तंत्र म्हणून हे बरोबर आहे. आणि तंत्र बरोबर झालं म्हणूनच अन्याय पुरता झाला. आधी निदान फटीतून जाता येत होतं.

वास्तविक त्याच चौकटीत पेस्ट होण्याच्या आधी एक घटना घडते. त्या घटनेत येऊ घातलेला मजकूर बघता येतो, हवा तर बदलता येतो, नको तर रद्द करता येतो. आकड्यांच्या मधे मोकळ्या जागा असतील तर त्या काढून टाका आणि आकडा आत येऊ द्या. निषेधाच्या जागी प्रत्याम्नान झालं. दहा ओळी जास्त लिहाव्या लागतात, एवढंच.

पासवर्डच्या बाबतीत तर पेस्ट अडवण्याने सुरक्षितता वाढते हा समज जाणकारांनीच सोडून दिला आहे. अमेरिकेतल्या निस्ट या संस्थेच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांत पासवर्ड भरताना पेस्ट करू द्यावं, असं म्हटलं आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्रानेही त्याच वर्षी तीच बाजू मांडली. कारण सोपं आहे. पेस्ट करता आलं नाही, तर माणूस टाइप करायला सोपा, म्हणजे कमकुवत पासवर्ड ठेवतो.

दुसऱ्या बाजूचं एक म्हणणं मात्र मी मानतो. खातेक्रमांक दोनदा भरायला सांगतात, तो ताळा पाहण्यासाठी. पहिल्यात चुकून एक आकडा वेगळा पडला आणि तोच उचलून दुसऱ्यात पेस्ट केला, तर ताळ्याला काही अर्थ उरत नाही. म्हणून दुसऱ्या चौकोनात पेस्ट अडवण्यामागे प्रयोजन आहे. पण मग तेवढ्यातच अडवा, पहिल्यात कशाला? आणि अडवलं तर सांगा. मेनूतली ओळ निदान करडी दिसते. कळ दाबणाऱ्याला काहीच दिसत नाही, काहीच ऐकू येत नाही. "इथे आकडा हाताने भरा, ताळ्यासाठी" एवढं एक वाक्य पुरेसं असतं. ते नसलं की माणूस स्वतःवर संशय घेतो. कॉपी नीट झाली नाही वाटतं. आपलंच चुकलं वाटतं.

चौकटीवरचा आक्षेप

डब्ल्यूपीएफची मी स्तुती केली, आता टीका करतो. आज्ञा आणि कळ यांतला भेद तिने पाळला, अग्रक्रम नीट लावला. पण ठरलेली वागणूक गप्प करणं तिने फार स्वस्त ठेवलं. तुम्ही आज्ञा पाळण्याचा भाग लिहिलात आणि "पाळता येईल का" याचं उत्तर लिहिलंच नाहीत, तर ती "येईल" असं गृहीत धरते. म्हणजे जो विचार न करता लिहितो त्याची नोंद नेहमी हजर. शिवाय, आधी मी माझं काम करतो आणि मग जुन्याला त्याचं करू दे, असं सहज म्हणण्याची सोय या नोंदीत नाही. नोंदीने उत्तर दिलं की प्रवास संपला असं धरलं जातं. पूर्वीच्या वागणुकीत भर घालणं अवघड आणि तिला पूर्ण पुसणं सोपं, अशी रचना झाली आहे. रचना ज्या बाजूला उतरती असेल, पाणी त्याच बाजूला जातं. प्रोग्रामरचंही तसंच होतं.

अर्थात, याने माझी चूक धुतली जात नाही. सुरी धारदार होती हे बोट कापणाऱ्याने सांगायचं नसतं, आणि इथे तर बोट दुसऱ्याचं होतं.

मी काय बदललं

मी माझी नोंद टेक्स्टबॉक्सवरून काढली. अक्षरांमधलं कंट्रोल-झेड पुन्हा अक्षरांचं झालं. कार्डं हलवणं किंवा एकत्र करणं मागे घेण्यासाठी वेगळी आज्ञा केली. तिला वेगळं नाव दिलं, "कार्डाची मागची स्थिती". मेनूत तिची स्वतःची ओळ आहे, वेगळी कळ आहे, आणि पुढे आणायची सोयही आता आहे. कर्सर कार्डांच्या यादीत असेल, टाइप चालू नसेल, तेव्हा कंट्रोल-झेड कार्डांवर चालतं. कारण तिथे माणसाच्या मनात कार्डच असतं.

आणि ओव्हरराइड करण्याआधी आता मी स्वतःला तीन प्रश्न विचारतो. या जागी ही आज्ञा देणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल? माझ्या बदलानंतर ते साधेल का? आणि साधणार नसेल, तर त्याला ते कळेल का, की तो स्वतःला दोष देईल? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर "दोष देईल" असं आलं, तर मी ती आज्ञा तशीच सोडून देतो आणि माझ्या कामासाठी नवी आज्ञा करतो.

*(व्याख्यानानंतर श्रोत्यांपैकी एका तरुण प्रोग्रामरने विचारलं : "सर, पण प्रत्येक नवी गोष्ट कोणाची तरी सवय मोडतेच. टेस्लर यांनीही त्या काळच्या संपादकांची सवय मोडलीच की. मग सवय एवढी पवित्र का मानायची?")*

प्रश्न चांगला आहे. सवय पवित्र नाही. टेस्लर यांनी सवय मोडली, हे खरं. पण उघडपणे मोडली. नवा प्रोग्राम, नवी पद्धत, ती शिकवली, आणि शिकणाऱ्याला ठाऊक होतं की आपण नवं शिकतो आहोत. शिवाय ज्या सवयीने माणसाची फसगत व्हायची, ती त्यांनी मोडली. मी काय केलं? ओळखीचं नाव ठेवलं, ओळखीची कळ ठेवली, आणि आतला अर्थ गुपचूप बदलला. नवं करायचं असेल तर नवं नाव घ्या, तुम्हाला कोणी अडवणार नाही. जुनं नाव घेतलंत, तर त्याबरोबरचं देणंही तुमच्याकडे आलं. दुकानाची जुनी पाटी ठेवायची आणि आत माल दुसराच विकायचा, याला आपण नवनिर्मिती म्हणत नाही.

राहता राहिल्या त्या बाई. ते कार्ड त्यांनी पुढच्या आठवड्यात पुन्हा टाइप करून दिलं. चूक माझी होती, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं, प्रोग्रामच्या त्या पाच-सहा ओळी पडद्यावर दाखवल्या. त्यांनी मान डोलावली. तरी अजून त्या दर दहा मिनिटांनी सेव्ह करतात, आणि कंट्रोल-झेड दाबायच्या आधी एकदा माझ्याकडे बघतात. एकदा गेलेला भरवसा पाच ओळी दुरुस्त करून परत येत नाही.

एवढं बोलून थांबतो.